हजार मीटरच्या वर

६ जानेवारी
नव्या वहीच्या पहिल्या पानावर आधी सगळ्यांची विचारपूस. उजवा गुडघा: ठणठणीत, फक्त जिना दिसला की कुरकुरतो. डावा: त्याच्यापेक्षा समजूतदार. कंबर: सकाळी रुसते, कॉफीनंतर बोलायला लागते. छाती: लोहाराच्या भात्यासारखी, आवाजही तसाच. थोरली बहीण झेन्झीताई: वय ऐंशीच्या घरात, जीभ विशीतली. मांजर: लठ्ठ. एकंदरीत घराण्याची प्रकृती उत्तम.
तेव्हा ठरलं. पेन्शनर मंडळाच्या हिवाळी चढाईला यंदा जायचं. पायाला बर्फात चालायचे स्नोशू बांधून, राबेनकोगेलच्या थेट माथ्यावर.

७ जानेवारी
खरं कारण लिहून ठेवतो. ही वही कोण वाचणार आहे?
एगरबाई लोकर-बटणांचं दुकान विकून मार्चमध्ये लिन्झला मुलीकडे निघाल्या. कायमच्या. त्यांना थांबा म्हणायचंय. पण "अहो एगरबाई, माझ्यासाठी राहता का?" हे दुकान किती वाजता बंद होतं असं विचारल्यासारखं वाटतं. नुसत्या नावाने, "बुर्गी, राहा ना" असं म्हणता आलं पाहिजे. आणि आमच्या गावात अहो-जाहोतून बाहेर पडायची एकच सरळ वाट, ती म्हणजे डोंगर. हजार मीटरच्या पाटीपाशी सगळे थांबतात, हात मिळवतात, बाटलीच्या झाकणातून एकेक घोट कडू दारू घेतात, आपलं नुसतं नाव सांगतात. तिथून वर सगळे अरे-तुरे. घोट घेतलेला असला तर खाली आल्यावरही, अगदी मरेपर्यंत.
डोंगराला मी नवखा नाही. उभा जन्म रोपवेच्या डब्यात कंडक्टर होतो. राबेनकोगेलवर माझ्याइतक्या वेळा गावात कुणी गेलेलं नाही. हजार मीटरचा खांब मागे पडला की मी प्रवाशांना "अरे, दार सोड" म्हणायचो; उतरताना पुन्हा "साहेब, सांभाळून", कारण डब्यात घोट नव्हता. एगरबाई मात्र कधी बसल्या नाहीत. अधांतरी डबड्यात जीव टांगायची त्यांना हौस नव्हती. आता रोपवे बंद पडला. म्हणजे पायीच.

११ जानेवारी
माळ्यावरून बाबांचे स्नोशू काढले. लाकडी चौकट, चामड्याच्या वाद्या. आजकालच्या प्लॅस्टिकला ही सर नाही. ताई म्हणाली, बाबा हे घालायचे तेव्हा त्यांचं अख्खं वजन तुझ्या एका मांडीएवढं होतं. दुर्लक्ष केलं.
संकल्प: रोज पहाटे चर्चपर्यंत चालून यायचं. बिअर बंद. दोन्ही उद्यापासून.

१२ जानेवारी
पहाटे बर्फ पडत होता. अशा बर्फात बाहेर पडणं शहाणपणाचं नाही.

१३ जानेवारी
पहाटे बर्फ पडत नव्हता. बर्फ नसताना प्रॅक्टिसचा उपयोग काय?

१७ जानेवारी
दुकानात गेलो. निमित्त नेहमीचंच, बटणं. माझ्याकडे शर्टांपेक्षा बटणं फार जास्त झाली आहेत, पण दुकानात जाऊन नुसतं उभं कसं राहायचं?
काउंटरला रेलून खाटीक विन्झेन्झ उभा होता. तोच चढाईचा म्होरक्या. माझं नाव घालायला सांगितलं. तो म्हणाला, "प्रांटलराव, यंदा रोपवे नाही हं. मध्ये खिडकीतून बघून 'आलं स्टेशन' म्हणता येणार नाही." मी मोठ्या मनाने हसलो. एगरबाई म्हणाल्या, इतकी वर्षं गावात काढली पण गाव वरून कधी पाहिलं नाही, जाण्याआधी एकदा पाहायचंय, त्याही येणार. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. निदान माझ्या दिशेला. मागे खिडकी होती.
शिंगाची तपकिरी बटणं घेतली, अर्धा डझन.

२५ जानेवारी
परसात प्रॅक्टिस. पहिली पावलं फार सुंदर पडली. मग उजव्या स्नोशूवर डावा पडला आणि दोघांवर मी. शेणखताच्या ढिगाने झेललं. ताई खिडकीतून म्हणाली, "पोचलास का माथ्यावर?" दोष माझा नाही. परसातला बर्फ हलक्या जातीचा आहे. डोंगरावरचा कसा घट्ट, खानदानी असतो.
उजवा गुडघा बोलू लागला आहे. मी ऐकत नाही.

३१ जानेवारी
वाद्या मऊ राहाव्यात म्हणून रात्री हंसाची चरबी चोळून ठेवली होती. सकाळी वाद्या नाहीत. मांजर खुर्चीत तृप्त पडलेलं.
हरलो नाही. जुन्या पडद्याच्या पट्ट्या घेतल्या, जागोजागी काजं केली आणि साठवलेली बटणं लावून पकड बसवली. दुकानात मिळणारा कुठलाही बेल्ट याच्यापुढे फिका. ताईने बराच वेळ बघून विचारलं, हे चालायला आहे की घालून नाचायला?

७ फेब्रुवारी
उद्या चढाई. भाषण पाठ केलं: "बुर्गी, लिन्झ सपाट आहे. सपाट जागी माणसाचं मन रमत नाही. इथे एक माणूस आहे." पुढचं वाक्य वर गेल्यावर सुचेल. वरची हवा विरळ असते, वाक्यं पटकन सुचतात.
बिअर बंदच आहे. आजची एक झोपेसाठी घेतली.

८ फेब्रुवारी
सकाळ. निघालो. विन्झेन्झने मला रांगेत सगळ्यात मागे ठेवलं. अनुभवी माणूस शेवटी लागतोच, कुणी मागे राहू नये म्हणून.

थोड्या वेळाने. मी मुद्दाम सावकाश चाललोय. एगरबाई दमल्या आहेत, सारख्या थांबून मागे बघतात. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मीही थांबतो. त्या थांबल्या नाहीत तरी थांबतो.

ऊन चढलं. पाटी दिसते. पिवळी, झाडांच्या वर. तेवढ्यात डाव्या पायाचं एक बटण उडालं. मग दुसरं. मग सगळीच, फुटाण्यासारखी. एगरबाई परत खाली आल्या, वाकल्या, बर्फातून एक उचलून पाहिलं. म्हणाल्या, "अहो, ही तर माझ्याच दुकानातली. तुम्ही कोटाला लावायला म्हणून नेली होतीत ना?"
बोलायची वेळ होती. पण पाटीच्या खाली होतो. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी आलोच, ही मामुली दुरुस्ती आहे. त्या म्हणाल्या, थांबते. मी म्हटलं, नको नको, घोट चुकेल तुमचा. आग्रह केला. पुरुषासारखा केला. त्या गेल्या.
आता वर सगळे गोल उभे राहिलेत. झाकण फिरतंय. बुर्गी, विन्झेन्झ, बुर्गी, असं इथपर्यंत ऐकू येतंय. उठतो. एकदा वाटेला लागलं की पाटी म्हणजे घर ते परस.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ. अंथरुणातून.
उठलो. वाट सोडून एकच पाऊल टाकलं, देवदारासारख्या फरच्या झाडाखाली, आणि काखेपर्यंत आत गेलो. झाडाखालचा बर्फ पोकळ असतो हे मला ठाऊक होतं. डब्यातून मी ते कित्येक प्रवाशांना सांगितलंय. उजवा गुडघा आतच कुठेतरी वळला. हाक मारली नाही. मग मारली.
मंडळींनी वरच्या झोपडीतली बचावगाडी आणली. चाकं नसलेली, होडीसारखी घसरती. मला तीत घालून हनुवटीपर्यंत पट्ट्यांनी आवळलं, हातासकट. खाली न्यायचा गाडीरस्ता वरून वळसा घेतो, म्हणून आधी मला वर ओढलं. असा मी पाटीच्या वर पोचलो. आडवा, पण पोचलो.
एगरबाई शेजारून चालत होत्या. माझी टोपी नीट केली. मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "गप्प पडून राहा, गेभार्ड. तू ना, अगदी लहान मुलासारखा आहेस."
तू म्हणाल्या! गेभार्ड म्हणाल्या! गुडघा दुखायचा थांबला. मी म्हटलं, आधी घोट. विन्झेन्झ म्हणाला, जखमीला दारू द्यायची नाही, नियम आहे. मी म्हटलं, निदान हात सोडा, हात मिळवतो. तो म्हणाला, पट्टी सोडली तर मिठाच्या पोत्यासारखा दरीत जाशील. भाषण सुरू केलं. "बुर्गी, लिन्झ सपाट..." एवढ्यात वारा लागू नये म्हणून कुणीतरी तोंडावर घोंगडी ओढली. पुढचं सगळं मी घोंगडीला सांगितलं. शेवटचं वाक्यही सुचलं. छान होतं.
घोंगडी निघाली तेव्हा चर्च दिसत होतं. एगरबाई म्हणाल्या, "प्रांटलराव, गुडघा शेकू नका, बर्फ लावा."

९ फेब्रुवारी
विचार केला. घोट नाही, हात नाही, म्हणजे रीतसर काहीच झालेलं नाही. त्यांची चूक नाही. नियमाने वागणारी बाई. मला तेच आवडतं.

३ मार्च
पाय प्लास्टरमध्ये. एगरबाई निरोप घ्यायला आल्या. सोबत विन्झेन्झ, पेट्या उचलायला. "विन्झेन्झ, तू खाली थांब, तुझ्या बुटांना बर्फ लागलाय," म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही कसे आहात?" कागदी पुडी दिली. त्यात माझी बटणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून बर्फातून वेचली होती. म्हणाल्या, एक सापडलं नाही.
आत्ता, असं मनाशी म्हटलं. तोंड उघडलं आणि विचारलं, गाडी किती वाजताची आहे?
त्यांनी सांगितलं. जरा वेळ बसल्या, हातमोजे काढून पुन्हा घातले. मग उठल्या. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे मठ्ठा, बोल ना काहीतरी!" मी बोललो. म्हटलं, जिना निसरडा आहे.

१९ मार्च
लिन्झहून कार्ड. "प्रांटलराव, इथे डोंगर नाहीत. खिडकीतून ट्रॅम दिसते. गाव वरून पाहिलं ते बरं झालं, सारखं डोळ्यांपुढे येतं. ते राहिलेलं बटण माझ्या हातमोज्यात निघालं. हवं असेल तर कळवा."
लगेच उत्तर लिहायला घेतलं. तुमची तब्येत कशी आहे, मुलगी कशी आहे, नातवंडं कशी आहेत, ट्रॅमचा आवाज रात्री त्रास देतो का. आमच्याकडे गुडघा बरा, ताई बरी, मांजर लठ्ठ. बटण नीट ठेवा, त्याच्यासाठी मी स्वतः येईन. पुढच्या हिवाळ्यात चढाईला तुम्ही या, त्या खेपेला मी आठ दिवस आधीच निघेन.
शेवटी लिहिलं, "लवकर उत्तर लिही."
वाचून पाहिलं. खिडकीबाहेर गाव होतं, पाटी वर ढगात. "लिही" खोडलं. "लिहा" केलं.