दगडाखालचा कोळसा

मंचर,
१२ फेब्रुवारी २००३

प्रिय कुशाबा,

हे पत्र तुझ्या नातीला, वैष्णवीला वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव आणि अडखळत का होईना, स्वतःच वाच. बावीस वर्षं माझ्याबरोबर मोजणीची साखळी ओढलीस, आता एवढं कर.

लोक म्हणतात, आमदारसाहेब कुणाला भीत नाहीत. अरे, शिपायाने चहाचा कप ठेवला तरी मी दचकतो! तालुक्याचा बांध न् बांध आपण पायाखाली घातला, म्हणून तर लोकांनी मतं दिली. मोजणीदाराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी भाषणात ठोकून देतो, आणि लगेच विषय बदलतो.

त्र्याण्णव साल तू विसरला नसशील. डोंगरातली शेवटची वाडी, सोनीबाईचं भातखाचर, त्याला लागून तालुक्याचे पुढारी अप्पा यांची जमीन. हद्दीच्या खड्ड्यात तू पाटीभर कोळसा ओतलास आणि वर दगड रोवला. दगड कुणीही हलवील, कोळसा मात्र कुजत नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी अप्पांचा निरोप आला. मी दगड चाळीस पावलं सोनीबाईच्या अंगाला सरकवायला लावला आणि तिचा झरा अप्पांच्या हद्दीत गेला. सहा वर्षांनी अप्पांनी मला आमदारकीचं तिकीट मिळवून दिलं. दगड तूच उचलला होतास, पण एका शब्दाने विचारलं नाहीस. घाईत कोळसा तिथंच राहिला.

सोनीबाईने अर्ज केलाय. येत्या सोमवारी फेरमोजणी आहे. परवा मी एकटाच कुदळ घेऊन तिथं गेलो. दोन हात उकरलं आणि काळं दिसलं. कोळसा पोत्यात भरणार, तोच मागे सोनीबाई उभी! हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, “सायेब, तुमी येनार ह्ये मला ठावं व्हतं. आमची हद्द तुमीच हुडकनार.” हल्ली ती पाणी खालच्या ओढ्यावरून आणते. मी ते घटाघटा प्यायलो, माती लोटली आणि पळून आलो.

कुशाबा, सोमवारी खरं बोलावं असं फार वाटतं. पण अप्पा समोर आले की माझी वाचा बसेल. मी मला ओळखतो. म्हणून तू जा. कोळशाची जागा दाखव, हे पत्रही दाखव. आणि त्याआधी माझा फोन आला, गाडी आली, मी स्वतः तुझ्या दारात येऊन पाया पडलो, तरी माझं ऐकू नकोस.

तुझाच भित्रा,
गेणभाऊ