धूर आमचा, कपाट लाकनरबाईंचं

ति. रास्तोदादा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वेंडेलीनचा, नमस्कार. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (तुम्ही ‘बरा आहे’ असंच लिहाल आणि आपण त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ओटीलियाने मला आधीच बजावलंय.) ब्लाझेनावहिनींच्या मधमाश्या हिवाळ्यातून किती वाचल्या तेही कळवा. हा प्रश्न तुमच्या बाबांनी मुद्दाम घालायला सांगितला. गुडघ्याबद्दल त्यांनी काही विचारलेलं नाही, पण मनात असेल.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये आमच्याकडे आग लागली होती. म्हणजे लागली नव्हती, पण विझवली मात्र नीट. ते पुढे येईलच. तुम्ही विचारलंत की ब्रातिस्लावात बस चालवण्याची नोकरी आलीच आहे, तर ती घेऊन स्लोवाकियातच राहावं, की आमच्यासारखं नदीपलीकडे ऑस्ट्रियात घर करावं, की नोकरीही ऑस्ट्रियातच बघावी. आणि बाबा ऑस्ट्रियात पाय ठेवणार नाही असं जन्मभर म्हणत आले, म्हणून तुम्ही त्यांना पंधरा दिवस आमच्याकडे धाडलंत, त्यांचा विरोध जरा मवाळ होतो का ते बघायला. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात देतो, कारण आता ती एकमेकांत अशी गुंतलीत की सोडवता येत नाहीत.

आधी कामाचं. आमच्या घरात दोन्ही देश कामाला जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. मी सकाळी गाडी काढून ब्रातिस्लावाच्या ट्राम डेपोत जातो, ओटीलिया सायकलने इथल्याच इस्पितळात जाते. तिच्याकडे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलं तर मुख्य परिचारिका काळजीने विचारते, घरी काही भांडण वगैरे आहे का. माझ्याकडे वेळेवर निघालं तर साहेब तेच विचारतात. तिला वर्षातून दोनदा जादा पगार मिळतो. मला वर्षातून दोनदा ‘तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून डेपो चाललाय’ असं ऐकायला मिळतं. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न उरला कुठे? उरतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं एकदमच तापाने पडलो. तिच्या इस्पितळातून सगळ्यांच्या सह्यांचं सुंदर कार्ड आलं, आणि नंतर पूर्ण बरी होईपर्यंत कुणीही फोन केला नाही, कारण आजारी माणसाला त्रास देणं इथे असभ्य समजतात. माझ्या डेपोतून तिघेजण न सांगता आले, कोबीच्या सूपचं पातेलं घेऊन. बूट काढून आत शिरले, आमची स्वयंपाकघराची खिडकी नीट बसत नव्हती ती बसवली, माझ्या वाटची दारू माझ्याच उशाशी बसून प्यायले आणि रात्र झाल्यावर उठले. त्यातला कुठला देश बरा ते ताप किती आहे त्यावर ठरतं.

आता राहण्याचं. इथे राहायचं म्हणजे रविवार सांभाळायचा, त्या दिवशी यंत्रांचा आवाज करायचा नाही. आम्ही नवीन होतो तेव्हा एका रविवारी मी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. अर्ध्या अंगणापर्यंत पोचलो असेन नसेन, फाटकाशी गावच्या अग्निशामक दलाचे प्रमुख उभे. फर्डिनांड नाव, गाव त्यांना फेर्डल म्हणतं. व्यवसायाने छप्पर घालणारे, बाकी वेळात गावाचे कान. शेजारच्या लाकनरबाईंनी त्यांना फोन केला होता. मी म्हटलं, हे आगीचं काम नाही. ते म्हणाले, ‘नाही. पण पोलीस आले असते तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.’ मग पाणी प्यायला आत बसले. माझ्या दंडाकडे बघून त्यांनी विचारलं की तुम्ही शिडी चढता का, आणि उठेपर्यंत मी दलात भरती झालो होतो. इथे दलाचे सगळे गावकरीच, बिनपगारी. त्यात शिरलं की रस्त्यावर वर्षानुवर्षं ‘अहो’ म्हणणारी माणसं पहिल्याच सरावाला ‘अरे वेंडेलीन, पाइप धर’ म्हणतात. लाकनरबाई मात्र दलात नाहीत, त्यामुळे त्या ‘अहो’वरच राहिल्या.

अशा गावात तुम्ही बाबांना पाठवलंत. पहिल्या संध्याकाळी ते अंगणात उभे राहून चर्चचा मनोरा बघत राहिले. मला वाटलं, प्रार्थना चाललीय. म्हणाले, ‘हा मनोरा मला ओळखीचा आहे. फौजेत होतो तेव्हा सरहद्दीच्या त्या बाजूच्या टेहळणीच्या मचाणावरून दोन वर्षं हाच बघितलाय. त्याच्याशेजारी लाल ट्रॅक्टर उभे असायचे. आमचा अधिकारी सांगायचा, ते नुसते दाखवायला ठेवलेत, आत इंजिन नाही.’ मी म्हटलं, बाबा, ते लाकनरांचे ट्रॅक्टर होते, एक अजून चालतो. ते म्हणाले, ‘चालताना तू पाहिलायस?’ मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं आणि लाकनरबाईंचं सुरू झालं. बाबांना जर्मन येत नाही, त्यामुळे कुंपणावरून ते अगदी मोकळ्या मनाने स्लोवाक बोलत. सकाळी टोपी उचलून, हसून म्हणायचे, ‘काय म्हातारे घुबडा, आज कोणाची चुगली?’ बाई मान लववून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायच्या. (हा इथला रामराम. तो न करता कोणी पुढे गेलं तर गावात आठवडाभर चर्चा.) ओटीलिया मला म्हणायची, ‘बघ, बाबांचं शेजाऱ्यांशी किती छान जमलंय.’ ती स्वयंपाकघरातून नुसती टोपीच बघत होती.

मग ईस्टर जवळ आलं, आणि विकतच्या मांसावर ईस्टर करायला आपण अनाथ आहोत का, असं बाबांनी विचारलं. ब्रातिस्लावाच्या बाजारातून मांस आलं, ते मुरवून झालं, सॉसेज भरून झाली, फक्त धुरी द्यायला जागा नव्हती. नेमकं त्याच आठवड्यात गावातलं मोठं टाकाऊ सामान उचलायला गाडी येणार होती. तेव्हा लोक जुन्या खाटा, गाद्या आपापल्या दारासमोर मांडून ठेवतात. लाकनरबाईंच्या दारासमोर त्यांच्या दिवंगत यजमानांचं तीन दारांचं कपाट होतं, आरशासकट. मी डेपोतून परत येतो तो ते आमच्या मागच्या अंगणात होतं, त्याला तळाशी भोक होतं, जमिनीत खड्डा होता आणि खड्ड्यातून पाइप कपाटात गेला होता. बाबांनी ते एकट्याने कसं आणलं हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. त्यांच्या कमरेविषयी ते तुम्हाला काय सांगत असतात ते मला माहीत आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं कपाटापाशी बसून आलुबुखाराची लाकडं घालत होतो. आरशाच्या कडांतून, किल्लीच्या भोकातून धूर छान संथ येत होता. एवढ्यात गावचा भोंगा वाजला. मी उठलो, म्हटलं, बाबा, कुठेतरी आग लागलीय, आलोच. ते म्हणाले, ‘जा बाबा, कोणाचं तरी घर वाचव.’ मी धावत दलाच्या ठाण्यावर गेलो, गणवेश चढवला, गाडीत उडी मारली. गाडी निघाल्यावर फेर्डलने कागद वाचला : लाकनर, कपाट पेटलंय. दादा, त्या जाड गणवेशात मला असा घाम फुटला की आतून विझवल्यासारखं झालं. मी म्हणालो, ‘फेर्डल, ऐक, ते कपाट…’ तो म्हणाला, ‘आधी हेल्मेटचा पट्टा लाव.’

बाईंनी फोनवर ‘माझं कपाट जळतंय’ एवढंच सांगितलं होतं, आणि कपाट त्यांचं होतं एवढं तरी खरं होतं, पण धूर आमच्या अंगणातून येत होता. गाडी आमच्याच फाटकाशी थांबली. दलातला सगळ्यात नवा माणूस पाइपचं तोंड धरतो असा नियम आहे, म्हणजे ते माझ्या हातात होतं. अंगणात धूर एवढा होता की कपाट दिसत होतं पण कपाटामागे वाकून लाकडं सारणारे बाबा दिसत नव्हते. फेर्डल ओरडला, ‘पाणी!’ आणि माझ्या हातांनी तोटी उघडली. दोन देशांतला फरक मला नेमका त्या क्षणी कळला. आमच्या डेपोत ‘पाणी!’ असा हुकूम सुटला असता तर आधी चौघांनी ‘कशाला?’ विचारलं असतं, आणि तुमचे वडील कोरडे राहिले असते.

धूर ओसरला तेव्हा बाबा कपाटामागून उभे राहिले. टोपी वाहून गेली होती. त्यांनी मला हेल्मेटमध्येही ओळखलं. म्हणाले, ‘जावईबापू, पाणी गार आहे.’

फेर्डलने कुऱ्हाडीच्या टोकाने कपाटाचं दार उघडलं. आत कोट टांगायच्या दांडीवर सॉसेज ओळीने लटकत होती आणि खाली डुकराच्या दोन मांड्या, तांबूस, ओल्या. दलातली सगळी माणसं हेल्मेट काढून उभी राहिली, जशी प्रेतयात्रेला राहतात. मग फेर्डलने वाकून वास घेतला, खड्ड्यातलं लाकूड उचललं आणि बाबांकडे बघून भुवया उडवल्या. बाबांनी बोटांनी लहान गोल फळ दाखवलं. फेर्डलने मान डोलावली. दोघांच्या या संभाषणात दुभाष्याची गरज पडली नाही, म्हणून मी पाइप गुंडाळायला लागलो.

तेवढ्यात लाकनरबाई फाटकातून आत आल्या. सरळ बाबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, ‘घुबडाचं कपाट घुबडाला विचारून न्यायचं असतं.’

हे त्या जर्मनमध्ये बोलल्या नाहीत. त्यांच्या आईचं माहेर इथल्याच एका क्रोएशियन बोलणाऱ्या गावातलं, घरात तीच भाषा, आणि ती आपल्या स्लोवाकच्या सख्ख्या चुलतबहिणीसारखी आहे हे तुम्ही जाणताच. म्हणजे इतके दिवस त्या कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या, अक्षरन्‌अक्षर. बाबांना मी जन्मात पहिल्यांदा शब्दांसाठी चाचपडताना पाहिलं. अंगातून पाणी ठिबकत होतं, ते म्हणाले, ‘बाई, मला वाटलं तुम्हाला कळत नाही.’

‘कळत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘पण यजमान गेल्यापासून सकाळी टोपी काढून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, चालू दे.’

त्यानंतर त्यांनी बाबांना घरात जाऊन आधी कपडे बदलायला सांगितलं, आणि दादा, ते गेले. तुम्ही आणि ओटीलियाने हजारदा सांगूनही जे त्यांनी ऐकलं नाही, ते बाईंच्या एका वाक्यावर ऐकलं. परत आले ते स्लिवोवित्साची, म्हणजे आलुबुखाराच्या दारूची, बाटली घेऊन. दलातल्या माणसांनी कामावर असताना पीत नाही असं सांगितलं. मग फेर्डलने घड्याळ बघून आग विझल्याचं जाहीर केलं, आणि ती माणसं कामावर राहिली नाहीत. दुपारपर्यंत लाकडं पुन्हा पेटवली होती. फेर्डलने स्वतः कपाटाच्या माथ्यावर पत्र्याचं धुराडं बसवून दिलं, कारण बाबांचं काम त्याला पटलं पण धुराची वाट पटली नाही.

(पहिल्या खेपेच्या सॉसेजना डांबरगोळ्यांचा किंचित वास होता. लाकनरसाहेबांचे कोट त्या कपाटात वर्षानुवर्षं होते. ती सगळी मी डेपोत वाटली. तिथे कौतुक झालं.)

बाबांचे पंधरा दिवस केव्हाच उलटले. सकाळी ते टोपी काढतात, बाईंना आता काय म्हणतात ते हळू आवाजात म्हणतात, त्यामुळे मला सांगता येणार नाही. बाईंचा एक ट्रॅक्टर खरंच चालतो, हे बाबांनी स्वतः त्यावर बसून बघितलं. घरी आल्यावर हात धुतले. मग म्हणाले, ‘इंजिन होतं.’ आणि जेवायला बसले.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सगळा विचार करता माझं मत असं की तुम्ही आहात तिथेच बरे. इथे वारा फार. तुमच्यासारख्या लिप्तोवच्या माणसाला डोंगराशिवाय झोप येत नाही आणि इथे डोंगर नाही, आहे ती टेकडी. शेजारी भोचक. घरं दमट. बसचे रस्ते अरुंद. जर्मन अवघड. तुमच्या गुडघ्याला नदीकाठ मानवणार नाही. नोकरी ब्रातिस्लावाची असो की ऑस्ट्रियाची, माणसाने आपलं अंगण सोडू नये.

वहिनींना नमस्कार. मधमाश्यांचं कळवा.

तुमचा,
वेंडेलीन

ता. क. १ : वरचा शेवटचा मजकूर बाबांनी सांगितला आणि मी लिहिला. ते टेबलाच्या पलीकडे बसून लसूण सोलत होते, त्यामुळे मला मार्ग नव्हता. आता ते कुंपणाशी गेलेत म्हणून खरं लिहितो. वारा आहे, बाकी सगळं खोटं. त्यांचा ऑस्ट्रियाला विरोध उरलेला नाही, तुमच्या इथे येण्याला आहे. त्यांचं म्हणणं, ‘रास्तो आला की मला लोकरी बंडी घालायला लावेल, मीठ लपवेल आणि बाटलीवर पेन्सिलीने खूण करेल.’ यातलं तुम्ही काय काय करता ते मी विचारत नाही.

ता. क. २ : लाकनरबाईंचा वरचा मजला रिकामा आहे. तीन खोल्या, मागे फळझाडं, मधमाश्यांच्या पेट्यांना जागा. त्यांनी आपणहून विचारलं, बाबांचा मुलगा कसा आहे. बाबा म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे, पण उपदेश करतो.’ बाई म्हणाल्या, ‘वर राहिला तर खाली ऐकू येणार नाही.’ तेव्हा नोकरी ब्रातिस्लावाची घ्या, घर इथे करा. पण मला पत्र लिहू नका, बाबांना लिहा. तुम्ही तिथले जाणकार, दोन देशांपैकी कुठे राहावं ते तुम्हीच सांगा, असं विचारा; सल्ला मागितला की ते विरघळतात. गुडघ्याचं त्यात अवश्य लिहा.

ता. क. ३ : ओटीलियाच्या हातात हे पत्र पडलं तर ती आणखी चार पानं जोडेल, म्हणून इथेच आवरतो. बाबांनी काल माझ्याकडे न बघता सांगितलं की तुमच्या घरून त्यांच्या दोन वस्तू हव्यात : बिछान्याच्या वर टांगलेला तुमच्या आईंचा फोटो आणि हिवाळ्याचे बूट. फोटो लवकर पाठवा. बूट हिवाळ्यापर्यंत आले तरी चालतील.