तळ्यापर्यंतची वाट

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. फोनवर आपलं बोलणं तीन मिनिटांत संपतं आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले आहे. सकाळपासून चष्म्याच्या काचा घासून बोटं बधिर झाली आहेत, तेव्हा अक्षर लावून घे.

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेल्याला आठ महिने झाले. पहिले तीन महिने कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवणारा माणूस, पण भिंतीकडे तोंड करून हात वर करायचा म्हटलं की सातव्या आकड्याला थांबायचा. माझ्याकडे बघायचाही नाही. मग मी चिडायची, ते जेवायचे नाहीत, आणि आई असती तर काय केलं असतं या विचारात मी भांडी घासत राहायची.

एका रविवारी वीज गेली. खोलीत जीव घुसमटायला लागला म्हणून मी त्यांना दोन जिने उतरवून खाली नेलं. पाऊण तास लागला. पाण्याच्या टाकीमागून तळ्याकडे जाणारी मातीची वाट आहे, तिथे त्यांना नुसतं उभं करायचं माझ्या मनात होतं. पण तळ्यात बदकं भांडत होती आणि ती बघायला बाबा आपणहून पुढे सरकले. वाटेत झाडाची मुळं वर आली आहेत. घरातल्या गुळगुळीत फरशीवर फरफटणारा त्यांचा पाय तिथे उचलला गेला, कारण न उचलून चालणारच नव्हतं. वीस पावलं झाली. त्यांनी मोजली नाहीत, मी मोजली.

तेव्हापासून रोज सकाळी जातो. त्या बाईही म्हणाल्या, खडबडीत जमिनीवर घोटा आपोआप काम करतो, आणि उजेड, वारा मिळाला की माणूस निम्मा तिथेच बरा होतो. बाबांना आता झोप लागते. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली. परवा तर ते वाटेत कुठेही न टेकता तळ्यापर्यंत जाऊन आले आणि येताना मलाच म्हणाले की तू वाकून चालतेस. खरं सांगू का, त्या वाटेवर माझंही डोकं शांत होतं. दोन दिवस गेलो नाही तर मी गिऱ्हाइकांवर खेकसते. पण पाचला उठायचं, त्यांचा भार खांद्यावर घेऊन उतरायचं, चढायचं, त्यांची आंघोळ उरकायची आणि मग दिवसभर मशीनपुढे उभं राहायचं. घरी आल्यावर चपला काढायचंही त्राण उरत नाही रे.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तळ्याकाठच्या ओंडक्यावर टेकलो होतो. बाबांना धाप लागली होती. श्वास जरा बसल्यावर तळ्याकडे बघतच म्हणाले, "त्यालाही अशीच धाप लागायची. मला दिसत होतं. तरी मी शिट्टी वाजवली." कुणाबद्दल ते मी विचारलं नाही. अख्ख्या शाळेदेखत तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी तू कोसळलास, तेव्हा मी चौथीच्या वर्गाच्या खिडकीत उभी होते. त्या दिवसानंतर तू त्यांच्याशी कामापुरतंच बोललास आणि विसाव्या वर्षी घर सोडलंस. तुझं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. हे तुला लिही असंही ते म्हणाले नाहीत. मीच लिहिते आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. साधी आहे म्हणतात, पण पिशवी काढावी लागेल. चौदा तारखेला मला दवाखान्यात दाखल व्हायचंय आणि पुढचे सहा आठवडे काही उचलायचं नाही, कुणाचा भार घ्यायचा नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. शेजारचे काका एकदा त्यांना घेऊन निघाले होते, तर बाबा फाटकातूनच परत फिरले, परक्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्यांना लाज वाटते. सहा आठवडे घरात बसले तर पाय पुन्हा आखडेल. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता सहा आठवडे मागते आहे. त्यांना माफ कर असं म्हणत नाही, बोललाही नाहीस तरी चालेल. राग आला तर चार पावलं पुढे जा, ते येतील मागून. फक्त मुळं आहेत तिथे थांब आणि तुझा खांदा दे. बारा तारखेला आलास तर एक दिवस मी बरोबर येऊन वाट दाखवीन.

तुझीच,
बारकी