बहिष्कारातून भाचा वगळून

चि. भुंग्या यास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. इकडे माझं बरं आहे, गुडघे सोडून. ते मंगळवारपासून माझ्यावर रुसले आहेत आणि तूही रुसला आहेस, त्यामुळे घरात फारच शांतता आहे. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत वाकडा बसू नकोस, हे मी फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून सांगते. (पत्राचं बरं असतं, ते उचलायची वाट बघत नाही, दाराखालून आत येतं.)

मंगळवारी तुझ्या कंपनीच्या फाटकावर काय झालं ते तुझ्या बाजूने तुला माहीत आहेच, आता माझी बाजू ऐक. आमच्या निवृत्त शिक्षक संघाला मागे कळलं, की आमच्या पेन्शन फंडाने तुमच्या कंपनीचे शेअर घेतले आहेत. मला आधी अभिमानच वाटला, आपल्या भुंग्याच्या कंपनीत आपलाही खारीचा वाटा आहे म्हणून. मग अध्यक्षांनी (आमचे जुने मुख्याध्यापक, अजूनही घंटा वाजवल्याशिवाय सभा सुरू करत नाहीत) एक बातमी वाचून दाखवली. मोठमोठ्या कचेऱ्यांचे संगणक चोरांपासून राखणारी हीच कंपनी लोकांच्या फोनमध्ये डोकावायचं साधनही सरकारांना विकते म्हणे, आणि त्यातून वकिलांचे, बातमीदारांचे खाजगी निरोप वाचले जातात. तुला ठाऊक आहे, वर्गात चिठ्ठी पकडली तर मी ती फाडून टाकायचे, पण वाचायचे नाही. चिठ्ठी ज्याची त्याची असते. म्हणून मी हात वर केला. ठराव झाला, की फंडाने शेअर विकून टाकावेत, तोवर संघाने कंपनीच्या सर्व वस्तू व सेवांवर बहिष्कार घालावा आणि फाटकावर फलक घेऊन उभं राहावं.

‘सर्व वस्तू व सेवा’ हे शब्द माझेच, आणि तेच आम्हाला नडले. तासाभरात तुमच्या वॉचमनला आमची दया आली आणि त्याने खुर्च्या आणून दिल्या. आता बसावं की नाही? खुर्ची ही वस्तू आणि ती आणून देणं ही सेवा. अध्यक्षांनी फुटपाथवरच सभा भरवली. शेवटी चित्रकलेच्या बाईंनी एक खुर्ची उलटी करून पाहिली, तर खाली भाड्याने खुर्च्या देणाऱ्याचं नाव निघालं. तेव्हा सगळे हुश्श करून बसलो. स्वच्छतागृह मात्र कंपनीचंच निघालं. आमच्या वयाच्या माणसांनी तत्त्वावर किती वेळ तग धरावा यालाही मर्यादा असते. अध्यक्ष स्वतः चुळबुळ करू लागले, तशी ठरावात ताबडतोब दुरुस्ती झाली: ‘नैसर्गिक गरज वगळून’.

आत जायला पास लागतो आणि पास काढायला कोणाकडे आलात ते सांगावं लागतं. काउंटरवरच्या मुलीने इतक्या गोडीने विचारलं, आणि तिथे माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं. मागच्या बाई म्हणाल्या, मी यांच्याबरोबर. त्यांच्यामागचे म्हणाले, मी त्यांच्याबरोबर. असा सगळा संघ तुझा पाहुणा झाला. यंत्र एकेकाचा फोटो काढत होतं आणि आम्ही आपले, काय शिस्त आहे बघा, म्हणून कौतुक करत होतो.

ते फोटो थेट तुझ्या फोनवर जातात, आणि त्याच वेळी तुझा फोन बड्या गिऱ्हाइकांसमोर भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला असतो, हे आम्हाला कोण सांगणार? ते मला मागाहून त्या मुलीने सांगितलं. आमच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं तू समजावत होतास म्हणे, आणि पडद्यावर एकामागून एक ‘आपले पाहुणे आले आहेत’. त्याखाली अध्यक्ष, छातीवर ‘बहिष्कार’ लिहिलेली पट्टी आणि चेहऱ्यावर घाई. (फोटो बरा आला असेल तर पाठव. त्यांना ओळखपत्रासाठी हवाच आहे.)

मग तू खाली आलास. मी वेड्यासारखा हात हलवला. तू एवढंच म्हणालास, “मावशी, मी हॉस्पिटलांचे संगणक सांभाळतो गं. मला एकदा विचारावंसंही वाटलं नाही तुला?” आणि वर निघून गेलास. मला फार वाईट वाटलं, कारण तुझं बरोबर होतं. तू लहान असताना तुला न विचारता मी तुझं खेळणंसुद्धा कोणाला दिलं नव्हतं.

साहेबांनी तुझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय आणि तुझी बढती त्यावर अडलीय, असंही कळलं. खुलाशात सगळं माझ्यावर ढकल, अजिबात संकोच करू नकोस. मी साहेबांसमोर येऊन सांगायलाही तयार आहे (या वेळी पास त्यांच्या नावाने काढीन). पण फाटकावरून मी हटणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या एका खोलीत हॉस्पिटलं राखली जातात आणि दुसऱ्या खोलीत लोकांच्या चिठ्ठ्या वाचल्या जातात. मी दुसऱ्या खोलीच्या विरोधात उभी आहे. पहिल्या खोलीत तू बसतोस, आणि त्याचं मला कौतुकच आहे. म्हणून कालच्या सभेत मी दुरुस्ती मांडली, की बहिष्कारातून भाचा वगळावा. अध्यक्ष म्हणाले, भाचा वस्तू की सेवा, ते आधी ठरवा. चर्चा चालू आहे.

ताईला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतंय, मंगळवारी मी डोळे तपासायला गेले होते.

तुझी,
उन्हात उभी राहिलेली मावशी

ता. क. संघाच्या कचेरीतल्या संगणकावर तूच मागे तुमच्या कंपनीचं संरक्षण बसवून दिलं होतंस. बहिष्काराची सगळी पत्रं आम्ही त्याच्याच आडोशाने पाठवत होतो, हे परवा उघडकीस आलं आणि समितीला तोंड लपवायला जागा उरली नाही. ते काढायचं तर पासवर्ड मागतं. तो फक्त भाच्याला ठाऊक आहे आणि त्याला स्वतः यावं लागेल, असं मी समितीला सांगितलंय. तेव्हा रविवारी ये. कचेरीची किल्ली माझ्याकडे आहे, दुसरं कोणी नसेल. जेवायलाच ये.

आणखी एक. पासवर्ड मला सापडलाय. जन्मतारीख कधी ठेवू नका म्हणून सगळ्यांना बजावत फिरणारा तू, तिथे माझी जन्मतारीख घालून ठेवली आहेस. पहिल्याच खेपेला उघडलं. मी घाईघाईने बंद केलं आणि समितीला म्हटलं, छे, जमत नाही बाई. तू ये.