वाळवून पिळायची द्राक्षं

१४ नोव्हेंबर, गुरुवार. अल हैल, आखात. मुलाच्या घरी.

महेश इथली हॉटेलातली नोकरी सोडून सूनबाईला घेऊन इटलीला चाललाय. त्या भागाचं नाव वाल्पोलिचेल्ला, त्याच्याकडूनच लिहून घेतलं. तिथल्या एका मळ्यावर नवी नोकरी लागलीय, तिथे द्राक्षं वाळवतात म्हणाला. मला बरं वाटलं, आपल्या तासगावातही तेच. फोटो दाखवला. माळ्यावर घड एकेरी पसरलेले, खिडक्या उघड्या. तीन-चार महिने तसेच ठेवतात म्हणे. एवढे? आपल्या शेडवर पंधरवड्यात बेदाणा तयार होतो.

मग म्हणाला, "अण्णा, बेदाणा नाही करत. वाळवून मग रस काढतात. लाल वाइन."

पिळायचीच होती तर वाळवायची कशाला? डोक्यातून जाईना.

"आईला तुम्हीच सांगा," म्हणाला.

तिच्यासमोर दारूचं नाव कोण काढणार? संध्याकाळभर गॅलरीत बसलो. बेदाणाच सांगावं का? अर्धं तर खरंच आहे. पण वाळवून पुन्हा पिळतात, त्याचं काय?

शेवटी गावी फोन लावला. बेदाण्यापासूनच सुरुवात केली.

ती हसायलाच लागली. "दारूचं काम ना? सूनबाईनं मला कधीच सांगितलं. तुम्ही काय मघापासून बेदाणा बेदाणा लावलंय?" मग म्हणाली, "परत कधी येणार, ते विचारलंत का त्याला?"

नव्हतं विचारलं. सुचलंच नाही.

जेवताना विचारलं. महेश ताटाकडे बघत म्हणाला, "बघू, अण्णा."

सूनबाई भात वाढायला उठली. मी थोडाच घेतला.