बुटकीचा वंश

पापाकुरा, १४ जुलै २०१८

आज ग्रॅहम दारात. कुत्री मागायला! सात वर्षांपूर्वी, शर्यतीची कुत्री पाळणाऱ्या ह्याच्याच कुंपणाबाहेर उभा राहून मी ह्याला म्हणताना ऐकलं होतं, "ती बुटकी कुत्री त्या इंडियनला दे. त्याला काय कळतंय?" माझे कान तिखट आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच बुटकीपासून आमच्या घरचा वंश वाढला. शर्यतीच्या चाकांच्या गाडीला जुंपून कुत्री पळवायची, मग मी डोळे मिटून श्वास ऐकायचा. ज्याची धाप आधी ओसरेल, त्याचीच जोडी माझी बायको सुनंदा ठरवायची. आता शर्यतीत ग्रॅहमची गाडी आमच्या शेपट्या बघत येते.

चहा दिला, चकली दिली.

"एक चांगली मादी दे ना, मित्रा. पिल्लं काढायचीत. कुठली घेऊ?"

"मला काय कळतंय, ग्रॅहम?"

त्याचा कप हवेतच राहिला. मग मी बुटकीचा नातू पुढे केला. "हा ने, फुकट. खच्ची केलाय."

ग्रॅहम लालबुंद होऊन हात हलवत परत गेला. लेक म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो मीन!"

फार झालं का? छे.

बुटकी त्याचा आवाज ऐकूनही उठली नाही. ती विसरली असेल. मी नाही.