मागच्या खोलीचं काय करायचं

आदरणीय वहिनी,

परमुलखातल्या धाकट्या दिराचा सलाम घ्यावा. तुमचे गुडघे आणि दादाचा आवाज कसा आहे? (दादाची चौकशी मी मुद्दाम आवाजापासून सुरू करतो. उपदेश करता येईनासा झाला, की आमचा पाळकसाहेब खरोखर आजारी आहे असं समजायचं.) माझी तब्येत बरी आहे, म्हणजे तक्रारी करण्याइतकी ताकद शिल्लक आहे.

मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीत हे वाचून डोळे भरून आले. मी परत येतोय, हे ठरलं. माझ्या जागी यायला कुणी तयार नाही असं मिशनने कळवलंय, तेव्हा मी निघालो की शाळेला कुलूप लागेल. मुलं डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील, म्हणजे ज्यांना न्यायला-आणायला घरी कुणी आहे ती जातील. बाकीची घरी बसतील. पण मी तरी किती दिवस रेटू? गळक्या छपराखाली बादल्या लावून वर्ग चालवतो, घंटा तडकली म्हणून तव्यावर झारा आपटून शाळा भरवतो, आणि तुमची जाऊ गेल्यापासून प्रार्थनेला पेटीही मीच वाजवतो. (तिच्या हाताखाली ती पेटी गायची, माझ्या हाताखाली कण्हते.) संध्याकाळी घर खायला उठतं. दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसतो आणि दुसरीकडे बघायचं टाळतो. वहिनी, मी थकलो हो.

त्यात ही सकाळची प्रार्थना. रोज एका मुलाने पुढे यायचं, मनात असेल ते देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशी प्रथा तुमच्या जावेनेच पाडली, म्हणून बंद करायला मन धजत नाही. मुलांनी आजाऱ्यांसाठी मागावं, जगाच्या शांतीसाठी मागावं, असा तिचा भाबडा हेतू. मुलांनी मागितलं काय, तर गणिताच्या मास्तरांना सुट्टी मिळावी! (इतकं दणदणीत आमेन मी ईस्टरलाही ऐकलेलं नाही.) त्याच आठवड्यात मास्तर शिडीवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मुलांचा आनंद फार टिकला नाही, कारण मास्तरांना आता सारखं उठबस करवत नाही, त्यामुळे ते मधल्या सुट्टीतही वर्गातच बसून पाढे म्हणून घेतात. पुढे परीक्षा टळावी म्हणून पाऊस मागून झाला. पाऊस आला, परीक्षेचे कागद कोरडे राहिले आणि खेळाचं सगळं सामान भिजून कुजलं. तेव्हापासून मुलं देवाशी वकिलासारखी बोलतात, एकेक अट घालून. मला हसू येतं, पण हसल्यावर जिच्याकडे बघायचं ती शेजारी नसते, मग ते तिथेच विरतं.

मी जाणार हे मुलांना कळलं. (मास्तरांच्या पाढे सोडून दुसरं काहीही पोटात राहत नाही.) दुसऱ्या सकाळी पहिलीतली चिमणी पुढे आली. नाव वेगळं आहे, पण आवाजावरून मी तिला चिमणीच म्हणतो. तिची आई मागच्या हिवाळ्यात वारली. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, “देवा, आईच्या वेळी तुझं लक्ष नव्हतं. आता सरांच्या वेळी तरी लक्ष दे. त्यांना जाऊ देऊ नको. पाय मोडायचाच असेल तर थोडासाच मोड.” सगळी शाळा आमेन म्हणाली. मी पेटीचा भाता जोरजोरात हलवत राहिलो, नाहीतर माझं रडणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असतं.

असो. रडगाणं पुरे. खोली तयार ठेवा, मी सामान बांधायला घेतो. दादाला सलाम सांगा आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा दमलेला दीर

ता. क. सामान बांधायचं राहिलं. हे पत्र लिहिलं त्याच दुपारी चॅपलच्या पायरीवरून घसरलो आणि घोटा टम्म सुजला. सूज उतरेपर्यंत प्रवास नाही, असं डॉक्टर म्हणतात. मिशनलाही तसं कळवलंय. इथे कुणालाच आश्चर्य वाटलेलं नाही. चिमणी रोज येते, घोटा निरखून बघते आणि देवाने नीट ऐकलं म्हणून समाधानाने वर्गात जाते.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं तसंच राहून गेलं होतं. सूज केव्हाच उतरली, वहिनी. फाटकातून आत शिरलो की मी लंगडतो. मागची खोली भाड्याने देऊन टाका, आणि दादाला यातलं काही सांगू नका, नाहीतर तो माझ्या घोट्यावर प्रवचन करेल. काल मात्र फजिती झाली. चुकून भलत्याच पायाने लंगडलो. चिमणी दारातच उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, जवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, तो नाही, हा.”